मातीचा पोत आणि हातांची जात

सध्या गृहसजावटीत मातीला मोठी प्रतिष्ठा आली आहे. 'पँटोन' या अमेरिकी कंपनीने २०२५ साठी 'मोका मूस' हा तपकिरी रंग 'वर्षाचा रंग' म्हणून जाहीर केला. अशा मातकट रंगांच्या जोडीला खरखरीत भिंत, बांबूचे पडदे, दोराने विणलेल्या खुर्च्या, कातडी आसने. हे लोण अकोल्याच्या जुने शहर भागातल्या रंगांच्या दुकानांपर्यंत पोहोचले आहे. हा निव्वळ आवडीनिवडीचा मामला आहे, असे मला वाटत नाही.

या वस्तू आल्या कोठून? तुराट्या-पऱ्हाट्यांचा कुड आणि त्यावर शेणमातीचा लेप, ही वऱ्हाडातल्या गरिबाची भिंत. बांबू बुरुडांनी सोलला, दोर मातंगांनी वळला, कातडे ढोरांनी कमावले आणि चांभारांनी शिवले. जातिव्यवस्था श्रमांबरोबर श्रमिकांचीही उतरंड रचते, हे बाबासाहेबांनी १९३६ सालीच दाखवून दिले. आजचा सजावटकार याच वस्तू दिवाणखान्यात मांडतो आणि त्यांना 'नैसर्गिक' म्हणतो. माझा आक्षेप या शब्दाला आहे. कमावलेले कातडे रानात उगवत नाही. 'नैसर्गिक' म्हटले की घडवणारे हात पुसले जातात.

'टेक्स्चर' म्हणजे पोत. तो हात फिरवल्यावर कळतो. म्हणजे हे सौंदर्य स्पर्शाचे. ज्यांच्या स्पर्शाचा विटाळ मानला गेला, त्यांनीच तो पोत घडवला. वस्तू उंबरठ्याच्या आत आली. तिचा कर्ता कोठे आहे?

दुसरीकडे, आमच्या वस्त्यांतला माणूस घर बांधतो तेव्हा गुळगुळीत फरशी बसवतो, भिंतीला चकचकीत निळा ऑइलपेंट देतो. अभिजनांना तो भडक वाटतो. पण २०११ च्या सामाजिक-आर्थिक जनगणनेत कच्च्या भिंतींची आणि कच्च्या छपराची एक खोली ही ग्रामीण कुटुंबाच्या वंचिततेची खूण मानली होती. मातीची भिंत पुन्हा पुन्हा लिंपावी लागते आणि ते काम बाईच्या वाट्याला येते. जिने जन्मभर पोतेरे फिरवले, तिला ओल्या फडक्याने पुसता येणारी फरशी सुंदर वाटते. तिच्या अभिरुचीमागे अनुभव उभा आहे.

माझे भांडण मातीशी नाही. अकोल्याच्या रणरणत्या उन्हाळ्यात मातीचे घर थंड राहते, हे आम्हांला कोणी शिकवायला नको. पण सिमेंट परवडत असताना माती निवडणे वेगळे आणि मातीवाचून गत्यंतर नसणे वेगळे. पहिल्याला शैली म्हणतात, दुसऱ्याला दारिद्र्य. भिंत मात्र एकच असते.

शरणकुमार लिंबाळे यांनी १९९६ साली 'दलित साहित्याचे सौंदर्यशास्त्र' मांडले. सौंदर्याचा तो प्रश्न आता पुस्तकातून भिंतीपर्यंत नेला पाहिजे. आपल्या शिक्षक-विद्यार्थ्यांनी गावोगावी जाऊन बुरूडकामाची, दोरकामाची, चर्मकामाची नोंद करावी: कोण करते, किती वेळ लागतो, मजुरी काय मिळते. बांबूच्या पडद्याची किंमत सांगणाऱ्याला आपण बुरुडाची मजुरी विचारली पाहिजे. सौंदर्याची चर्चा तेथून सुरू व्हावी.