चूक सिद्ध होईपर्यंत राहायचं कुठे?

समजा, तुमचा मावसभाऊ उम्म अल कुवैनमधल्या एका वर्कशॉपमध्ये कामाला आहे. पोटात दुखायला लागलं, दवाखान्यात गेला, ऑपरेशन झालं. महिन्याभराने दुसऱ्या डॉक्टरने सोनोग्राफी बघून सांगितलं, की आत काहीतरी राहून गेलंय. तो फोन करतो तुम्हाला, कारण घरात बाहेर शिकलेले तुम्हीच. काय सांगाल?

आपल्याकडे साधारण दोन उत्तरं ऐकू येतात. एक, 'तिथले कायदे कडक आहेत, डॉक्टर काही सुटत नाही.' दुसरं, 'परक्या मुलखात कुठे भांडत बसतोस, घरी ये.' मला दोन्ही पटत नाहीत, आणि दुसरं तर फार महागात पडतं. का, ते कळायला कायदाच वाचायला हवा.

अमिरातीचा वैद्यकीय दायित्वाचा सध्याचा कायदा 2016 चा. त्याने 2008 च्या कायद्याची जागा घेतली आणि 2023 मध्ये त्यात दुरुस्त्या झाल्या. मजकूर म्हणून तो चांगला आहे. चूक म्हणजे काय, हे त्यात मोघम सोडलेलं नाही: त्या दर्जाच्या डॉक्टरला जे माहीत असायलाच हवं ते माहीत नसणं, मान्य पद्धत न पाळणं, आवश्यक ती काळजी न घेणं, निष्काळजीपणा. उपचारातली ज्ञात गुंतागुंत आणि चूक यांत फरक केलाय, आणि तो रास्त आहे. डॉक्टरला विम्याशिवाय व्यवसाय करता येत नाही, म्हणजे भरपाई मंजूर झाली तर ती देणारं कुणीतरी असतं. 2019 च्या नियमांत गंभीर चुकीची उदाहरणंसुद्धा दिली आहेत; शरीरात वैद्यकीय साहित्य विसरणं हे त्यांतलंच एक. चूक गंभीर ठरली तर फौजदारी शिक्षाही होऊ शकते.

आता मुख्य अट बघा. थेट कोर्टात जाता येत नाही. आधी आरोग्य प्राधिकरणाकडे तक्रार, तिथून ती वैद्यकीय दायित्व समितीकडे. चूक झाली का आणि किती मोठी, हे तज्ज्ञांची ही समिती ठरवते. तिच्याकडे न जाता केलेला भरपाईचा दावा कोर्ट स्वीकारत नाही. अहवाल मान्य नसेल तर 30 दिवसांत वरच्या समितीकडे जायचं. तिचं मत अंतिम. तक्रार कुठे करायची ते उपचार कुठे झाले यावर ठरतं. दुबईत झाले असतील तर दुबईच्या प्राधिकरणाकडे, उम्म अल कुवैनमध्ये झाले असतील तर केंद्रीय आरोग्य मंत्रालयाकडे. उम्म अल कुवैनचं न्यायालयही संघराज्याच्या न्यायव्यवस्थेतलं, आणि कामकाजाची भाषा अरबी.

या व्यवस्थेवर नेहमीची टीका अशी, की डॉक्टरांचा निवाडा डॉक्टरच करणार. तीत तथ्य आहे, पण ती अर्धवट आहे. भारतातही सर्वोच्च न्यायालयाने 2005 साली सांगितलं, की डॉक्टरवर फौजदारी खटला चालवण्याआधी दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्या. फरक इतकाच, की 1995 च्या निकालापासून पैसे देऊन घेतलेले उपचार ग्राहक कायद्याखाली आले, त्यामुळे आपल्याकडे रुग्ण समितीशिवाय थेट ग्राहक मंचाकडे जाऊ शकतो. तिथेही वर्षानुवर्षं तारखा पडतात. तेव्हा तज्ज्ञ समिती असणं हा माझ्या मते मूळ दोष नव्हे.

मूळ दोष असा, की हा कायदा रुग्ण तिथेच राहणार असं धरून चालतो. मावसभावाचा व्हिसा नोकरीला बांधलेला. ऑपरेशन बिघडलं तर तो कामावर जाऊ शकत नाही. फार दिवस गेला नाही तर नोकरी जाते. नोकरी गेली की व्हिसा रद्द, आणि मग देशात राहायला मोजकेच दिवस. म्हणजे ज्या इजेमुळे त्याला दाद मागायची आहे, तीच इजा त्याला देशाबाहेर काढते. वरच्या समितीकडे जाण्याचे 30 दिवस तो कदाचित गुहागरला बसून मोजत असतो, आणि अर्जावरचा अमिरातीतला फोन नंबर तोवर बंद पडलेला असतो.

याच देशात 2019 च्या आरोग्य-माहिती कायद्याने रुग्णाच्या नोंदी शेवटच्या उपचारानंतर किमान 25 वर्षं जपणं बंधनकारक केलंय. फाइल पाव शतक तिथे राहू शकते, पण ती ज्याची आहे त्याला राहता येत नाही. 1 जानेवारी 2025 पासून उत्तरेकडच्या अमिरातींतल्या खासगी कामगारांना आणि घरकामगारांनाही आरोग्य विमा सक्तीचा झाला. मूळ योजना वर्षाला 320 दिरहमची. पाऊल चांगलंच आहे. पण त्यामुळे दवाखान्याची पायरी चढणारे कामगार वाढणार, आणि उपचार चुकले तर तक्रार निकाली निघेपर्यंत राहायचं कसं, हा प्रश्नही तितक्याच जणांपुढे येणार.

मग 'घरी ये' का नको? कारण अमिरातीतल्या दवाखान्याला रत्नागिरीच्या ग्राहक आयोगापुढे उभं करणं जवळपास अशक्य आहे. उलट तिथला निकाल मात्र इथे चालतो. भारत सरकारने 17 जानेवारी 2020 च्या अधिसूचनेने अमिरातीच्या न्यायालयांचे दिवाणी हुकूमनामे भारतातल्या जिल्हा न्यायालयात बजावण्याची सोय केली, आणि त्या यादीत उम्म अल कुवैनही आहे. आखाती बँकांची थकलेली कर्जं वसूल करायचा रस्ता म्हणूनच तिची चर्चा झाली. पण दोषी ठरलेला डॉक्टर भारतात परतला असेल आणि त्याची मालमत्ता इथे असेल, तर तोच रस्ता रुग्णालाही मोकळा आहे. मात्र त्यासाठी आधी तिथे निकाल हवा, आणि निकालासाठी तिथे तक्रार.

म्हणून फोन आला, की त्याला सांगा: विमानाचं तिकीट काढण्याआधी तक्रार दाखल कर. पूर्ण फाइल माग: ऑपरेशनची नोंद, तपासण्या, डिस्चार्जचा कागद. दुसऱ्या डॉक्टरचं मत तारखेसह लेखी घे. तुझा भारतातला पत्ता आणि ईमेल तक्रारीत लिही. निघावंच लागलं तर तिथल्या विश्वासू माणसाच्या किंवा वकिलाच्या नावाने मुखत्यारपत्र करून ठेव. दुबईच्या भारतीय वाणिज्य दूतावासाच्या कक्षेत उम्म अल कुवैन येतं. त्यांच्या प्रवासी भारतीय सहायता केंद्रात कायदेशीर सल्ला मिळतो, तिथे जाऊन ये.

एवढं करूनही तो जिंकेलच असं नाही. समिती म्हणू शकते, की ही गुंतागुंत होती, चूक नव्हे. पण तो निदान तिने फाइल उघडून म्हणायला हवा. तक्रार न करता विमानात बसला, तर ती फाइल कुणी उघडणारच नाही.