अडकित्त्याचं पातं कोण बघतं?

'तुलनात्मक अभ्यास म्हणजे नेमकं करायचं काय?' हा प्रश्न पेटची तयारी करणाऱ्या मुलांकडून बऱ्याचदा येतो. दोन वस्तू शेजारी ठेवल्या, साम्य लिहिलं, फरक लिहिले, झालं? या वेळी उत्तर माझ्या विषयातून न देता छंदातून देते. खिशात मावणारी, घडी होणारी, कापायची साधनं मी जमवते. संग्रह म्हणावा एवढं काही नाही: दोन अडकित्ते, एक फ्रेंच ओपिनेल, एक जपानी हिगोनोकामी.

आमच्या मालवण-कुडाळकडे घडीच्या चाकूचं फारसं कौतुक नाही. शेतावर, माडाखाली जाणाऱ्याच्या कमरेला आकडी असते आणि आकडीत कोयती; तिच्यापुढे चाकू काय करणार? त्यात हिंदी सिनेमानं 'रामपुरी'ला गुंडाच्या हाती देऊन घडीच्या चाकूची अब्रूच घालवली. पण चंचीत पान, चुना, काताबरोबर एक साधन असायचंच. दोन दांडे, एका टोकाला खिळा, मिटलं की धार आत. आपला खिशातला चाकू म्हणजे अडकित्ता, असं माझं म्हणणं आहे. (सुपारीची जाहिरात करत नाहीये. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनं २००४ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात नुसती सुपारीसुद्धा कर्करोगकारक ठरवली आहे. मी खात नाही.)

अडकित्ते जमवणारे पुष्कळ होऊन गेले. पुण्यात दिनकर केळकरांनी (१८९६–१९९०) घरोघरच्या दिवे, भांडी, कुलपांबरोबर अडकित्तेही गोळा केले म्हणून आज ते राजा केळकर संग्रहालयात बघायला तरी मिळतात. तिकडे न्यूयॉर्कमध्ये गणितज्ञ सॅम्युअल आयलेनबर्ग यांनीही अडकित्ते जमवले होते आणि त्या संग्रहावर हेन्री ब्राउनरिग यांचं १९९२ सालचं पुस्तक आहे. या लोकांचे उपकार आहेतच. माझी तक्रार वेगळी आहे. अडकित्त्यांबद्दल जिथे जिथे लिहिलं-बोललं जातं तिथे वर्गवारी बहुतेक वेळा आकाराची असते: हा मोराचा, हा पोपटाचा, हा घोड्याचा, हे मिथुन. धातू कोणता, प्रांत कोणता, नक्षी कशी. पातं किती झिजलंय, खिळा किती हलतो, दांडा किती लांब, हे क्वचितच.

असं का होतं ते उघड आहे. फोटोत मोर दिसतो, खिळ्याचं हलणं दिसत नाही. जे सहज दिसतं तेच आपण नोंदवतो आणि मग त्यालाच निकष म्हणतो. तुमच्या प्रबंधाच्या आराखड्यातही हे होणार आहे, आत्ताच सांगून ठेवते.

आयलेनबर्ग यांचं नाव आलंय तर एक गंमत. १९४५ साली त्यांनी सॉन्डर्स मॅक लेन यांच्याबरोबर गणितात जी शाखा सुरू केली, तिचा सूर असा की वस्तूच्या पोटात काय आहे यापेक्षा तिचे इतरांशी संबंध कसे आहेत ते बघा. अडकित्त्याला हे तंतोतंत लागू आहे. त्याचा संबंध सुपारीशी, तळहाताशी आणि खिशाशी. तेवढे तीन बघितले तरी पुरे.

पहिला, सुपारीशी. अडकित्ता हा दुसऱ्या प्रकारचा तरफ. टेकू टोकाला, भार मध्ये, जोर दुसऱ्या टोकाला. माझ्या साध्या लोखंडी अडकित्त्यात खिळ्यापासून हाताची पकड साधारण १५ सेंटीमीटरवर येते. सुपारी खिळ्यापासून ३ सेंटीमीटरवर ठेवली तर जोर पाचपट होतो. मग आणखी आत, दीड सेंटीमीटरवर ठेवून दहापट का नको? कारण तिथे जबडा फार उघडावा लागतो आणि सुपारी सटकून बाहेर उडते. अडीच सेंटीमीटर जाडीच्या सुपारीला ३ सेंटीमीटरवरच जबड्याचा कोन ४५ अंशांच्या आसपास जातो. पात्याला धार असेल तर ते आधी किंचित रुततं आणि सुपारी धरून ठेवतं; बोथट पातं तिला नुसतं ढकलतं. म्हणजे धारेचं काम कापणं आणि पकडणं, दोन्ही. हे कागदावर मांडेपर्यंत माझ्याही डोक्यात आलं नव्हतं.

दुसरा अडकित्ता पितळी, मोराचा, जुन्या बाजारातला. दिसायला देखणा, यात वादच नाही. पण दांडा आखूड, मोराचा तुरा तळहाताला टोचतो आणि खिळा सैल असल्यामुळे पातं खालच्या दांड्याच्या बाजूनं घसरतं. खांड सरळ पडतच नाही. मला तो पानदानात ठेवून पाहुण्यांपुढे सरकवायचा अडकित्ता वाटतो, रोज दहा सुपाऱ्या कातरणाऱ्याचा नाही. असं म्हणताना एका सुट्या नगावरून सगळ्या पितळी अडकित्त्यांना नावं ठेवत नाहीये, तेवढं लक्षात घ्या.

आता परदेशी मंडळी. ओपिनेल हा फ्रान्सच्या साव्हुआ भागातला, १८९० पासूनचा शेतकऱ्याचा चाकू. बीच लाकडाची मूठ, आणि १९५५ पासून पातं अडकवणारं फिरतं कडं. आठ नंबरचं पातं साडेआठ सेंटीमीटरचं; आंबा कापताना याच्यासारखं सुख नाही. त्यानं सुपारी फुटत नाही म्हणून त्याला कमी लेखणं हा चावटपणा झाला. पण खिळ्याची तुलना करता येते, कारण घडी दोघांनाही आहे. आणि इथे मालवणचा पाऊस परीक्षा घेतो. जूनमध्ये लाकूड फुगलं की मुठीत पातं असं आवळतं की नखानं उघडत नाही. मुठीचं बूड टेबलावर ठोकावं लागतं. हिगोनोकामीची मूठ म्हणजे दुमडलेला धातूचा पत्रा. कुलूप नाही, पात्याच्या शेपटीवर अंगठा दाबून धरायचा. जपानी शाळकरी पोरं यानं पेन्सिली तासत. पावसात ती फुगत नाही, आणि खिळा सैल झाला तर हातोडीचे दोन हलके ठोके पुरतात. अडकित्त्याचंही तसंच. ज्याची दुरुस्ती नाक्यावरचा लोहार करू शकतो ते साधन मी वर ठेवते, मग दुसरं दिसायला कितीही सुबक असो.

खाऱ्या हवेत गंजाचा प्रश्न येतोच. लोखंडी अडकित्ता आजोबांच्या चंचीतला, पातं काळंकुट्ट. ते घासायला घेतलं तेव्हा आजी म्हणाली, "घासू नको गो, काळो आसा तोच बरो." तिचं रसायनशास्त्र पक्कं होतं. सुपारीत टॅनिन भरपूर असतं. लोखंडाशी त्याचा संयोग झाला की काळं संयुग बनतं. हिरडा आणि हिराकशीची जुनी शाई याच जातीची. तो काळा थर गंजाला काही प्रमाणात आवर घालतो. जुन्या लोखंडी वस्तू जपणारे तज्ज्ञसुद्धा टॅनिक आम्ल लावतात. शिवाय तो थर पात्यावर जिथे दाट आहे तिथेच सुपारी ठेवली जायची. माझ्या अडकित्त्यावर तो खिळ्यापासून अडीच ते चार सेंटीमीटरच्या पट्ट्यात सगळ्यात गडद आहे. वर जे गणित मांडलं, ते आजोबांच्या हातानं आधीच तिथे लिहून ठेवलेलं.

विकणारे मात्र चिंच लावून, घासून लखलखीत करूनच मांडतात. एका विक्रेत्याला विचारलं, न घासलेला मिळेल का? त्यानं गोणीत हात घालून एक काळा तुकडा काढला आणि म्हणाला, "ह्यो भंगारात जातलो, तुका व्हयो तर किलोच्या भावान घे."