पोत्यावरचा आकडा नेमका कशाचा?

डीएपीच्या पोत्यावर 18:46:0 असं छापलेलं असतं. आष्टीत कोणत्याही कृषी सेवा केंद्रात विचारा, 46 म्हणजे स्फुरद असंच सांगतील. पण त्या पोत्यात मूलद्रव्य म्हणून फॉस्फरस भरतो साधारण 20 टक्के. 46 हा आकडा फॉस्फरस पेंटॉक्साइडच्या हिशेबातला आहे, आणि ते पेंटॉक्साइड पोत्यात नसतंच! असतं ते डायअमोनियम फॉस्फेट. ही मोजणीची जुनी रूढी आहे, ती बऱ्याच देशांत चालते.

माणसाला रूढी सांगता येते; संगणकाला ती लिहून द्यावी लागते. जगात कोणत्या वस्तू आहेत, त्यांची एकमेकींशी नाती काय, याची अशी काटेकोर मांडणी म्हणजे ऑन्टोलॉजी. या क्षेत्रात मोठं काम झालं आहे. ‘चेबी’मध्ये मूलद्रव्यं, आयन, संयुगं यांच्या वेगवेगळ्या नोंदी आहेत. ‘क्यूयूडीटी’मध्ये राशी आणि एककं आहेत. आमचा आक्षेप या दोन्हींच्या सांध्यावर आहे.

एककांच्या ऑन्टोलॉजीमुळे किलोचे ग्रॅम बिनचूक होतात. पेंटॉक्साइडवरून फॉस्फरसवर येताना मात्र 2.29 ने भागावं लागतं, आणि एकक दोन्हीकडे किलोच राहतं. बदलते ती मोजलेली वस्तू. समजा, शिफारस हेक्टरी 60 किलो स्फुरदाची आहे, पेंटॉक्साइडच्या रूपात. त्याला डीएपी लागतं 130 किलो, म्हणजे 50 किलोची अडीच पोती आणि वर थोडं. प्रणालीने तेच 60 किलो शुद्ध फॉस्फरस धरले, तर सांगेल 300 किलो, सहा पोती. एकक बरोबर, भागाकार बरोबर, आणि भुर्दंड शेतकऱ्याला.

अभिक्रियांचंही तसंच. ‘रिआ’ या संग्रहात युरियाचं विघटन संतुलित समीकरणाने दिलं आहे: उजवीकडे अमोनियम आणि बायकार्बोनेट. तिथे रेणूंची रूपं पीएच 7.3 धरून लिहितात. पेशीतल्या रसायनासाठी हा संकेत रास्तच. पण आपल्या चुनखडीयुक्त काळ्या जमिनीचा पीएच बहुधा 8 च्या आसपास. युरिया वरच फेकून ठेवला, तर दाण्याभोवती तो आणखी चढतो आणि नत्राचा काही भाग अमोनिया वायू होऊन उडून जातो. समीकरण खोटं नाही. ते अभिक्रियेचा प्रकार सांगतं. या वावरात, आज, किती नत्र उरला, ही वेगळी नोंद आहे. समीकरणातला ‘2’ हे रेणूंचं प्रमाण आहे, पोत्यातलं वजन नव्हे. दोन्ही एकाच खणात टाकून चालणार नाही.

म्हणून आमचं मागणं साधं आहे. प्रत्येक आकड्यासोबत चार गोष्टी सक्तीच्या करा: कोणता पदार्थ, कोणत्या रूपात व्यक्त केला, कोणत्या पद्धतीने मोजला, आणि कोणत्या नमुन्यात. मृद आरोग्य पत्रिका 2015 पासून आल्या आहेत. उद्या त्यांतले आकडे मोबाईलवरच्या सल्ल्याला जोडायचे, तर ‘उपलब्ध स्फुरद 14’ एवढं लिहून भागणार नाही. ऑल्सन पद्धतीने काढला का? फॉस्फरस की पेंटॉक्साइड? हे रकाने रिकामे असतील, तर प्रणालीने सल्ला देऊ नये, आधी विचारावं.