सक्रियतेऐवजी संहती : पदवी पाठ्यपुस्तकांतील रासायनिक समतोलाच्या मांडणीचा चिकित्सक विचार

सामूमापकाचे, म्हणजेच पीएच मीटरचे, प्रमाणन करण्यासाठी वापरले जाणारे फॉस्फेट बफर बहुतेक महाविद्यालयीन प्रयोगशाळांना परिचित आहे. पोटॅशियम डायहायड्रोजन फॉस्फेट व डायसोडियम हायड्रोजन फॉस्फेट ही लवणे एक किलोग्रॅम पाण्यात प्रत्येकी ०.०२५ मोल विरघळवली की ते तयार होते आणि २५ अंश सेल्सिअस तापमानाला त्याचा सामू ६.८६ असतो. पाठ्यपुस्तकातील हेंडरसनच्या समीकरणाचे उत्तर मात्र वेगळे येते. दोन्ही घटक समप्रमाणात असल्याने लॉगरिदमचे पद शून्य होते आणि फॉस्फोरिक आम्लाच्या दुसऱ्या विघटनाचा ७.२० हा आकडाच सामू ठरतो. हा ०.३४ चा फरक हायड्रोजन आयनांच्या भाषेत दुपटीहून अधिक आहे. अशा वेळी यंत्र बिघडले असावे, असा विद्यार्थ्याचा समज होतो. यंत्राची कळ फिरवून ७.२० ‘आणणारे’ आणि तोच आकडा नोंदवहीत लिहिणारे विद्यार्थी प्रस्तुत लेखकाने पाहिले आहेत. वास्तविक यंत्र बरोबर होते आणि पुस्तकाचे उत्तर अपुरे होते.

या अपुरेपणाला ऐतिहासिक कारण आहे. गुल्डबर्ग व वागे यांनी १८६४ मध्ये वस्तुमानक्रियेचा नियम मांडला तेव्हा त्यांचा शब्दप्रयोग ‘सक्रिय वस्तुमान’ असा होता. पुढे त्याचा अर्थ सरळ संहती असा रूढ झाला. गिल्बर्ट लुईस यांनी १९०७ मध्ये सक्रियतेची संकल्पना मांडली, १९२१ मध्ये लुईस व रँडल यांनी आयनी तीव्रतेची कल्पना दिली आणि १९२३ मध्ये डिबाय व ह्यूकेल यांनी आयनांभोवतीच्या विरुद्धभारी आवरणावरून सक्रियता गुणांक काढण्याची रीत दाखवली. त्याआधी, १९१८ मध्येच, ज्ञानेंद्रचंद्र घोष यांनी प्रबल विद्युत-अपघटनी पदार्थांचे पूर्ण विघटन गृहीत धरून आयनांमधील विद्युत आकर्षणाचा विचार केला होता. त्यांचा सिद्धांत टिकला नाही. तरी आपल्या पुस्तकांत त्याचा उल्लेखही नसावा, हे खटकते.

पाठ्यपुस्तकांतील नेहमीची रीत अशी : सक्रियतेची व्याख्या एका परिच्छेदात दिली जाते, ‘विरल द्रावणात सक्रियता व संहती समान मानाव्यात’ असे एक वाक्य येते आणि पुढील सर्व उदाहरणे संहतीवर सोडवली जातात. विरल म्हणजे किती, हे मात्र कोठेही सांगितले जात नाही. ०.००१ मोलर सोडियम क्लोराइडमध्ये सक्रियता गुणांक सुमारे ०.९६५ आहे, तेथे ते वाक्य खपून जाते. त्याच संहतीच्या द्विभारी आयनांच्या लवणात, उदाहरणार्थ मॅग्नेशियम सल्फेटमध्ये, डेव्हिस यांच्या १९३८ च्या समीकरणाने तो सुमारे ०.७६ येतो. कारण गुणांकाचा लॉगरिदम आयनभाराच्या वर्गावर अवलंबून असतो.

फॉस्फेट बफरचे कोडे याच वर्गामुळे सुटते. त्याची आयनी तीव्रता ०.१ आहे. डेव्हिस समीकरणानुसार एकभारी फॉस्फेट आयनाचा गुणांक सुमारे ०.७८ आणि द्विभारी आयनाचा सुमारे ०.३७ येतो. संहती समान असल्या तरी सक्रियता समान राहत नाहीत. हे गुणोत्तर हेंडरसनच्या समीकरणात घातले की ७.२० मधून ०.३२ वजा होऊन उत्तर ६.८८ येते. दोन ओळींच्या आकडेमोडीने पुस्तक आणि यंत्र यांचे भांडण जवळजवळ मिटते.

दुसरा घोटाळा ‘शुद्ध घनाची संहती एक मानावी’ या विधानाचा. शुद्ध पाण्याची संहती लिटरला सुमारे ५५.५ मोल आहे. ती एक कशी होईल? एक असते ती सक्रियता, कारण ती प्रमाण स्थितीच्या तुलनेत मोजली जाते. हीच गोष्ट एककांची. आधीच्या प्रकरणात समतोल स्थिरांकाला एकके लावायची आणि पुढच्या प्रकरणात त्याच राशीचा लॉगरिदम घेऊन मुक्त ऊर्जा काढायची, यातील विसंगती विद्यार्थ्यांना कोणी सांगत नाही.

तथापि सक्रियता गुणांक लावला म्हणजे सर्व प्रश्न सुटले, असेही नाही. जिप्समचा विद्राव्यता गुणाकार सुमारे ०.००००२६ आहे. त्याचे वर्गमूळ घेतल्यास विद्राव्यता लिटरला ०.००५१ मोल येते. प्रत्यक्षात ती सुमारे ०.०१५, म्हणजे तिप्पट आहे. गुणांक सुमारे ०.४८ धरला तर मुक्त आयनांचा वाटा ०.०१०५ पर्यंत जातो. उरलेला सुमारे ०.००५ मोल कॅल्शियम व सल्फेट यांच्या आयनजोडीच्या रूपात विरघळलेला असतो, आणि तो स्वतंत्रपणेच मोजावा लागतो. चोपण जमिनीच्या सुधारणेसाठी जिप्सम टाकणाऱ्यास हा तिपटीचा फरक केवळ परीक्षेतील गुणांपुरता नसतो. जमिनीतील पाणी सोडियम क्लोराइडने खारट असेल तर जिप्सम आणखी अधिक विरघळते.

संहतीच्या समर्थकांचा एक मुद्दा मान्य करावा लागेल. आयनी माध्यम स्थिर असेल तर संहतीवर आधारलेला स्थिरांक पूर्णपणे उपयुक्त असतो. सागरी रसायनशास्त्रज्ञ तेच करतात. कार्बोनिक आम्लाच्या दुसऱ्या विघटनाचा आकडा शुद्ध पाण्यात १०.३३, तर नेहमीच्या क्षारतेच्या समुद्राच्या पाण्यात, २५ अंशांना, ९ च्या थोडा खाली असतो. आणि हा दुसरा आकडा देताना ते क्षारता व तापमान आवर्जून नोंदवतात. आपल्या पुस्तकांत नेमकी हीच नोंद गाळलेली असते. शून्य आयनी तीव्रतेचा स्थिरांक कोष्टकातून उचलायचा आणि तो ०.१ आयनी तीव्रतेच्या द्रावणाला कोणत्याही खुलाशाविना लावायचा, या सवयीवर आमचा आक्षेप आहे. अभ्यासक्रमात नवे प्रकरण घालण्याची गरज नाही. प्रत्येक स्थिरांकाशेजारी त्याचे माध्यम लिहिले आणि सोडवलेल्या चारपैकी एका उदाहरणात गुणांक वापरला, तरी पुरे.

प्रात्यक्षिकात यासाठी नवे उपकरणही लागत नाही. वरील फॉस्फेट बफर तेवढ्याच ऊर्ध्वपातित पाण्याने दुप्पट विरल करावे. संहतींचे गुणोत्तर तेच राहत असल्याने हेंडरसनच्या समीकरणानुसार सामू बदलू नये. दोन दशांश स्थळांपर्यंत दाखवणाऱ्या यंत्रावर तो ६.८६ वरून ६.९४ वर गेलेला दिसतो.