टाइपरायटर कुठे आहे?

शर्ली जॅक्सन हे नाव मी पहिल्यांदा ऐकलं ते इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला, होस्टेलवर. सबमिशनच्या आदल्या रात्री रूममेटने 'द लॉटरी' ही कथा वाचायला दिली आणि मग माझ्याच्याने फाइल काही पूर्ण झाली नाही. एका साध्या, नीटनेटक्या अमेरिकन गावात दरवर्षी चिठ्ठ्या काढतात आणि जिची चिठ्ठी निघते तिला सगळे मिळून दगड मारतात, एवढीच गोष्ट. पुढची सात-आठ वर्षं जॅक्सन म्हणजे भयकथा लिहिणारी बाई, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

तिने स्वतःच्या संसारावर, मुलांवर विनोदी पुस्तकं लिहिली आहेत, हे मुलगी झाल्यावर कळलं. पहिले काही महिने रात्री दोन ते चार ही माझी वाचनाची वेळ होती. मांडीवर बाळ, एका हातात फोन, स्क्रीनचा उजेड अगदी कमी. त्या दिवसांत 'लाइफ अमंग द सॅव्हेजेस' (१९५३) वाचलं. हसू दाबता दाबता ठसका लागला आणि मुलगी जागी झाली, असं दोनदा झालं. पुस्तक आवडलं हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी त्याच्याशी भांडणार आहे.

पुस्तकाला कथानक असं नाही. न्यूयॉर्कमधली भाड्याची जागा सोडावी लागते, म्हणून नवरा-बायको दोन लहान मुलं आणि पुस्तकांचे ढीग घेऊन व्हर्मॉन्टमधल्या एका खेड्यात राहायला जातात. तिथे पुढे खांब असलेलं एक जुनं, ऐसपैस घर भाड्याने मिळतं. मग शाळा, आजारपणं, मांजरं, कामाला ठेवलेल्या बायका, गाडी शिकणं, तिसरं बाळंतपण, शेवटी चौथं. प्रत्यक्षात जॅक्सन १९४५ मध्ये नॉर्थ बेनिंग्टनला गेली, कारण तिचा नवरा, समीक्षक स्टॅन्ली एडगर हायमन, तिथल्या कॉलेजात शिकवायला लागला. तेव्हा ती अठ्ठावीस वर्षांची होती. माझ्याच वयाची.

पुस्तकाचा सुरुवातीचा, घर लावण्याचा भाग मला सगळ्यात जास्त आवडतो. नवं बिऱ्हाड आपल्या पद्धतीने सामान मांडायला बघतं आणि काही केल्या ते जमत नाही. खुर्ची जिथे ठेवावी तिथे ती चुकीची दिसते. शेवटी हे लोक हार मानतात आणि जुन्या वस्तू आपापल्या जुन्या जागी जाऊन बसतात. घराला स्वतःचं मत आहे आणि ते भाडेकरूंच्या मतापेक्षा जुनं आहे, हे जॅक्सन अगदी सहज, हसत सांगते.

आम्ही सात महिन्यांपूर्वी पुनावळ्याला स्वतःच्या फ्लॅटमध्ये आलो. फ्लॅट नवाकोरा, आमच्या आधी तिथे कुणीच राहिलेलं नाही, म्हणजे घराला मत असायचं काही कारण नव्हतं. तरी हॉलच्या खिडकीजवळ माझं टेबल ठेवायचं असं प्लॅनवर पेन्सिलने काढून ठेवलं होतं, तिथे आज पाळणा आहे आणि टेबलावर दुपट्यांची चळत. कुणी ठरवलं, आठवत नाही. धान्याचे डबे कुठे राहणार हे मात्र सासूबाईंनी पहिल्याच दिवशी ठरवलं होतं. त्यांनी विचारलंही नाही, आणि खरं तर त्यांचंच बरोबर निघालं.

सहा वर्षांनी, १९५९ मध्ये, जॅक्सनची 'द हॉन्टिंग ऑफ हिल हाउस' ही कादंबरी आली. तिथेही एक घर आहे, त्यालाही स्वतःचं मत आहे, दारं आपोआप मिटतात आणि घरात आलेल्या एका एकट्या, दमलेल्या बाईला ते घर हळूहळू आपलंसं करतं. हा 'आपलंसं' शब्द मी मुद्दाम वापरतेय. एलिनॉरला आयुष्यात पहिल्यांदा आपण कुठेतरी घरच्या आहोत असं वाटतं, ते त्या भुताच्या घरात, आणि तिथून ती परत जाऊ शकत नाही. ही कादंबरी वाचून पुन्हा 'सॅव्हेजेस'च्या त्या पानांकडे गेले, तेव्हा हसू आलं, पण मान अवघडल्यासारखी झाली. कल्पना तीच आहे. एकदा ती बायकांच्या मासिकासाठी लिहिली आहे, एकदा नाही.

'चार्ल्स'चंही तेच. ही गोष्ट आधी 'मादमोझेल' मासिकात आली होती, जुलै १९४८ मध्ये, म्हणजे 'द लॉटरी' 'न्यू यॉर्कर'मध्ये छापून आल्यावर काही दिवसांतच. छोटा लॉरी शाळेत जायला लागतो आणि रोज घरी येऊन चार्ल्स नावाच्या महावात्रट मुलाचे प्रताप सांगतो. चार्ल्सने बाईंना मारलं, चार्ल्सने आज हे केलं, उद्या ते. आई पालकसभेला उत्सुकतेने जाते, कारण चार्ल्सच्या आईला बघायचं असतं. तिथे बाई सांगतात की वर्गात चार्ल्स नावाचा मुलगाच नाही. इथे आपण खदखदून हसतो. पण एका मिनिटाने लक्षात येतं की एका आईला भर सभेत कळलंय, आपण घरात ज्याच्याशी रोज बोलतो ते मूल आपल्याला माहीतच नाही. जॅक्सन ते एक मिनिट आपल्याला देत नाही. गोष्ट तिथेच संपवते.

पुस्तकात सैल भागही आहेत. कामवाल्या बायकांची प्रकरणं मला जड गेली. त्या प्रत्येकीत काहीतरी विचित्र असतं आणि तोच विनोद असतो. आपल्याकडच्या दिवाळी अंकांतल्या मोलकरणीवरच्या विनोदांची आठवण झाली, आणि ती काही चांगली आठवण नाही.

आता भांडणाचा मुद्दा. तिसऱ्या बाळंतपणासाठी निवेदिका हॉस्पिटलात जाते. कळा येताहेत आणि टेबलापलीकडची बाई फॉर्म भरतेय. व्यवसाय? ही सांगते, लेखिका. ती बाई म्हणते, मी आपलं गृहिणी लिहिते. हा प्रसंग हल्ली बऱ्याच लेखांत येतो आणि त्या कारकून बाईला नावं ठेवून लेख पुढे जातात. पण मला वाटतं, पुस्तकानेही नेमकं तेच केलंय. या जाडजूड पुस्तकात निवेदिका स्वयंपाक करते, इस्त्री करते, बर्फात अडकते, जॅनीच्या काल्पनिक मुलींसाठी जागा अडवून बसते. लिहिते कधी? तिच्या लेखनाचे उल्लेख ओझरते आहेत. ती दार लावून टाइपरायटरसमोर बसली आहे आणि बाहेर कुणीतरी रडतंय, असा एक प्रसंगही मला सापडला नाही. आणि हे पुस्तक तर त्याच टाइपरायटरवर लिहिलंय. रूथ फ्रँकलिन यांच्या २०१६ च्या चरित्रात स्पष्ट येतं की बऱ्याच काळात जॅक्सनची कमाई नवऱ्याच्या कमाईपेक्षा जास्त होती. म्हणजे घर जिच्या लेखनावर चालत होतं, त्या घराच्या गोष्टीतून लेखनच गायब आहे.

हा आक्षेप माझा नाही. बेटी फ्रीडनने १९६३ मध्ये 'द फेमिनिन मिस्टिक'मध्ये जॅक्सनचं नाव घेऊन तो घेतला होता. या बाया स्वतः व्यावसायिक लेखिका आहेत, पण आपण साध्या गृहिणी असल्याचं सोंग करून घरात अडकलेल्या बायकांना हसवतात, असा तिचा रोख होता. पहिल्यांदा वाचलं तेव्हा पटलं. रात्री तीनला तर फारच पटलं.

मग 'स्मृतिचित्रे' आठवलं. आपल्याकडे संसाराचा विनोद बराच काळ नवऱ्यांनी लिहिला. चिं. विं.च्या चिमणरावाची बायको आपल्याला दिसते ती चिमणरावाच्या डोळ्यांनी. लक्ष्मीबाई टिळक हा मोठा अपवाद. टिळकांचा विसराळूपणा, त्यांचा संताप, न सांगता निघून जाणं, सगळं त्या हसत सांगतात आणि काहीही झाकत नाहीत. जॅक्सनच्या पुस्तकातला नवरा त्या मानाने पेपरामागे बसलेला, जरा अव्यवहारी, निरुपद्रवी गृहस्थ आहे. खऱ्या हायमनची बाहेरची प्रकरणं चरित्रात वाचली की हा पेपर फार सोयीचा वाटायला लागतो. पण तुलना करताना मी एक गोष्ट विसरत होते. 'स्मृतिचित्रे'चा पहिला भाग आला १९३४ मध्ये. टिळक जाऊन पंधरा वर्षं झाली होती. जॅक्सन ज्या माणसाबद्दल लिहीत होती, त्याला त्याच संध्याकाळी जेवायला वाढायचं होतं. मुलंही तिथेच, लहान, नावानिशी. घर मोडलं की मग खरं सांगता येतं. घर चालू असताना जे सांगता येतं ते 'सॅव्हेजेस' आहे.

म्हणून फ्रीडनचा 'सोंग' हा शब्द मला आता पुरेसा वाटत नाही. जॅक्सनने नंतर एका व्याख्यानात 'द लॉटरी' कशी सुचली ते सांगितलं. मुलीला बाबागाडीत घालून, वाणसामान घेऊन ती चढ चढत होती, तेव्हा कल्पना सुचली. घरी येऊन मुलीला खेळायला ठेवलं, भाजी फ्रिजमध्ये टाकली आणि कथा लिहून काढली. फ्रँकलिन यांच्या मते या हकिगतीतही थोडं तिखटमीठ आहे. असू दे. पण इथे टाइपरायटर आहे, भाजीच्या शेजारी. म्हणजे दोन्ही एका खोलीत ठेवून लिहिणं तिला येत होतं. घराच्या पुस्तकात तिने ते केलं नाही, कारण तो टाइपरायटर दिसला असता तर इतर वस्तू हलल्या असत्या, असं मला वाटतं. मुलं रडताना आई काय लिहीत होती, असं कुणीतरी विचारलं असतं. आणि उत्तर होतं, दगडांनी माणूस मारण्याबद्दल.

माझ्या मुलीच्या जन्मनोंदणीच्या फॉर्मवर आईचा व्यवसाय हा रकाना होता. नर्सने विचारलं, मी सांगितलं, तिने 'नोकरी' लिहिलं. वडिलांच्याही रकान्यात 'नोकरी'. सत्तर वर्षांत एवढं झालं, आणि ते कमी नाही. पण सहा महिन्यांची रजा संपवून घरून काम सुरू केल्यापासून मी रोज सकाळी साडेदहाच्या कॉलला कॅमेरा बंद ठेवते. बोलायची पाळी आली की म्यूट काढते, बोलते, परत म्यूट. एकदा विसरले आणि तिच्या रडण्याचा आवाज सगळ्यांना गेला, तेव्हा मॅनेजर गोड आवाजात म्हणाला, 'वी हॅव अ गेस्ट!' सगळे हसले, मीही हसले. त्या दिवसापासून कॉलच्या वेळी सासूबाई तिला गच्चीवर नेतात. जॅक्सनने घराच्या गोष्टीतून काम वगळलं. मी कामाच्या गोष्टीतून घर वगळते आणि त्याला प्रोफेशनल असणं म्हणते. तिने निदान वगळलेलं दुसरीकडे लिहून ठेवलं.

त्याची किंमत किती, हे ठरवणं अवघड आहे. १९६२ मध्ये तिची 'वी हॅव ऑलवेज लिव्ह्ड इन द कॅसल' आली. दोन बहिणी, एक घर, बाहेर द्वेष करणारं गाव, आणि शेवटी घराला आतून लावलेल्या कड्या. त्यानंतर काही महिने जॅक्सनला स्वतःला घराबाहेर पडणं अशक्य झालं होतं. १९६५ मध्ये, अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, ती झोपेत गेली. 'सॅव्हेजेस'मधला घर लावण्याचा विनोद वाचताना हे आठवू नये असं ठरवलं तरी आठवतंच. तरीही मी ते पुस्तक शोकांतिका म्हणून वाचणार नाही. ते फार मजेशीर आहे, आणि ती मजाही तिनेच केलेली आहे, कुणी तिच्याकडून काढून घेतलेली नाही.

पुस्तकात एक प्रकरण आहे, सगळ्या घराला फ्लू होतो त्या रात्रीचं. आई, बाबा, तीन मुलं, कुत्रा, सगळे रात्रभर पलंग बदलत फिरतात. प्रत्येकाबरोबर उशी, पांघरूण, पाण्याचा पेला, सिगारेटी प्रवास करतात. जॅक्सन हे कोड्यासारखं मांडते, कोण कुठून कुठे गेलं ते काटेकोर सांगते आणि शेवटी विचारते की एक पांघरूण सापडत नाही, ते गेलं कुठे. कुठल्याही प्रोग्रामरला हा सर्व्हरचा लॉग वाटेल. मी एक्सेलमध्ये तक्ता केला. डाव्या कॉलममध्ये माणसं, वर पलंग, आणि प्रत्येक हालचालीला एक ओळ. पहिल्या वेळी पाण्याच्या एका पेल्याचा हिशेब चुकला. दुसऱ्या वेळी नीट चाललं होतं, सॅलीच्या पलंगापर्यंत आले होते, तेवढ्यात पाळण्यातून आवाज आला. फाइल सेव्ह केली आहे.