‘बॅबिट’मधील भाषाव्यवहार : महामंदीपूर्व अमेरिकेची एक साक्ष

अमेरिकेतील १९२० ते १९२९ ह्या दशकाचे वाङ्मयीन चित्र म्हटले की आपल्या पदव्युत्तर वर्गांत स्कॉट फिट्झजेराल्ड ह्यांच्या ‘द ग्रेट गॅट्स्बी’ (१९२५) ह्या कादंबरीचे नाव प्रथम पुढे येते. मेजवान्या, जॅझ संगीत, चोरटी दारू आणि अकस्मात आलेली श्रीमंती ह्यांनी ते चित्र भरलेले असते. ते खोटे नव्हे. परंतु ते एका निवडक थराचे आहे. त्या दशकाचा अर्थव्यवहार ज्याच्या खांद्यावर उभा होता तो मध्यम वर्गातला विक्रेता, दलाल, दुकानदार ह्या चित्रात फारसा दिसत नाही. तो दिसतो सिंक्लेअर लुइस ह्यांच्या ‘बॅबिट’ (१९२२) ह्या कादंबरीत. ह्या कृतीविषयी दोन मते रूढ आहेत. एका मताप्रमाणे ती समाजशास्त्रीय दस्तऐवज आहे आणि तो समाज पालटल्यावर तिचे मोल ओसरले. दुसऱ्या मताप्रमाणे ती केवळ व्यंगचित्र आहे. तिच्यात माणूस नाही, नमुना आहे. ह्या दोन्ही मतांत एक समान उणीव आहे. कादंबरीतील भाषेकडे ती सजावट म्हणून पाहतात. प्रस्तुत लेखकाच्या मते भाषा हाच ह्या कादंबरीचा विषय आहे, आणि तो ध्यानात घेतला तर वरील दोन्ही मते अपुरी ठरतात.

प्रथम कालक्रम स्पष्ट केला पाहिजे. कादंबरीचे कथानक एप्रिल १९२० मध्ये सुरू होते. त्याच वर्षीच्या जनगणनेत नागरी लोकसंख्या प्रथमच निम्म्याहून अधिक भरली. जानेवारी १९२० पासून दारूबंदी अंमलात आली होती, आणि ऑगस्टमध्ये स्त्रियांना मताधिकार मिळाला. १९१९ मधील मोठ्या संपांची आणि ‘लाल’ भीतीची आठवण ताजी होती. पुढे ज्या गोष्टींनी हे दशक ओळखले गेले त्यांपैकी बऱ्याच अजून घडावयाच्या होत्या. १९२० मध्ये सुमारे ८० लाख असलेल्या प्रवासी मोटारींची संख्या १९२९ पर्यंत २ कोटी ३० लाखांच्या आसपास गेली. नभोवाणीचा प्रसार आणि हप्तेबंदीने खरेदी करण्याची सर्वसाधारण सवय, ह्याही गोष्टी कादंबरी प्रसिद्ध झाल्यानंतरच्या वर्षांत फोफावल्या. म्हणजे ‘बॅबिट’ हे त्या दशकाचे सिंहावलोकन नव्हे. दशकाच्या उंबरठ्यावर उभे राहून लिहिलेली ती कृती आहे. तरीही ती त्याची साक्ष वाटते, ह्याचे कारण शोधले पाहिजे.

कथानक थोडक्यात असे. झेनिथ ह्या कल्पित शहरात जॉर्ज बॅबिट हा सेहेचाळीस वर्षांचा घरजमिनींचा दलाल राहतो. पत्नी, तीन मुले, उत्तम वस्तीतील घर, मोटार, क्लब, चर्च असे सर्व काही त्याच्यापाशी आहे. पॉल रीसलिंग हा त्याचा एकमेव जिवलग मित्र आपल्या पत्नीवर गोळी झाडतो आणि तुरुंगात जातो. त्यानंतर बॅबिटचे मन उचल खाते. तो दुसऱ्या स्त्रीच्या नादी लागतो, संपकऱ्यांविषयी सहानुभूतीचे चार शब्द बोलतो, आणि ‘गुड सिटिझन्स लीग’ ह्या प्रतिष्ठितांच्या संघटनेत येण्याचे नाकारतो. मग व्यवसायावर सूक्ष्म बहिष्कार सुरू होतो. पत्नीच्या आजारपणात जुने मित्र पुन्हा जवळ येतात आणि तो मुकाट्याने कळपात परततो.

ह्या कादंबरीत भाषेचे निदान तीन स्तर वेगळे दाखविता येतात. पहिला स्तर बोलण्याचा. बॅबिट आपल्या टंकलेखिकेला पत्र सांगतो तो प्रसंग अभ्यासकाने अवश्य पाहावा. तो जे सांगतो त्यात वाक्य सुरू होते पण पूर्ण होत नाही. कंसात कंस उघडतात, सूचना मजकुरात मिसळतात. टंकलेखिका त्यातून एक नेटके पत्र तयार करते, आणि ते वाचून बॅबिट स्वतःच्या शैलीवर खूष होतो. हा निव्वळ विनोद नाही. उच्चारित भाषा आणि लिखित भाषा ह्यांमधील अंतर येथे एका पगारी नोकराने भरून काढले आहे, आणि मालकाला त्याची जाणीवही नाही. ज्या समाजात विचाराला आकार देण्याचे काम असे परस्पर होते, त्या समाजात माणसाला आपण विचार केला असा भ्रम होणे अगदी स्वाभाविक आहे.

दुसरा स्तर संज्ञांचा. ‘रिअल्टर’ ही संज्ञा १९१६ मध्ये मिनिॲपोलिस येथील चार्ल्स चॅडबोर्न ह्यांनी घरजमिनींच्या दलालांच्या राष्ट्रीय संघटनेसाठी सुचविली. कादंबरीतील बॅबिट ह्या नव्या संज्ञेचा कैवारी आहे. दलाल म्हटले की मध्यस्थी आठवते. नव्या शब्दाने त्याच धंद्याला वैद्यकी किंवा वकिलीसारखी प्रतिष्ठा येते, अशी त्याची श्रद्धा आहे. भाषाशास्त्राच्या दृष्टीने ही अर्थोत्कर्षाची क्रिया आहे; परंतु ती सामान्य वापरातून हळूहळू घडलेली नाही, संघटनेने ठरवून घडविलेली आहे. १९२० नंतरच्या अमेरिकेत अशा घडविलेल्या शब्दांची जी लाट आली तिचा हा प्रातिनिधिक मासला होय.

तिसरा स्तर वाङ्मयाचा. चम फ्रिंक हा झेनिथचा लोकप्रिय कवी वर्तमानपत्रांतून पद्ये लिहितो आणि जाहिरातीही लिहितो. ह्या दोन कामांत त्याला काही विसंगती वाटत नाही; किंबहुना उत्तम जाहिरात लिहिणाऱ्यालाच तो खरा प्रतिभावंत समजतो. धर्माचीही तीच गत. चर्चच्या रविवारच्या शाळेची संख्या वाढविण्याचे काम बॅबिट विक्रीच्या मोहिमेप्रमाणे हाती घेतो. हे अतिरंजित वाटेल त्याने लक्षात ठेवावे की, कादंबरीनंतर तीनच वर्षांनी, १९२५ मध्ये, ब्रूस बार्टन ह्या जाहिरात-व्यावसायिकाने येशू ख्रिस्ताला आधुनिक व्यवसायाचा संस्थापक ठरविणारे पुस्तक प्रसिद्ध केले आणि त्याचा प्रचंड खप झाला. उपरोधकाराने जे कल्पिले त्याच्या पुढे वास्तव गेले.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. बॅबिट असमाधानी आहे, हे वाचकाला पहिल्या प्रकरणापासून कळते. परंतु ते असमाधान सांगण्यासाठी त्याच्यापाशी शब्द नाहीत. त्याच्या स्वप्नात एक परीसारखी मुलगी येते. जागेपणी ह्या प्रतिमेचे वर्णन तो कोणापाशीही करू शकत नाही. मेनच्या अरण्यात पॉलबरोबर असताना त्याला सुख लाभते, पण तेथेही तो बोलून दाखवितो ते अर्धवटच. त्याच्या बंडाची शोकांतिका भित्रेपणापेक्षा ह्या ठिकाणी अधिक आहे. सेनेका डोन ह्या उदारमतवादी वकिलाशी ओळख झाल्यावर तो उदारमतही नव्या मोटारीसारखे चारचौघांत मिरवतो. बंडासाठी निराळी भाषा लागते. त्याच्यापाशी फक्त विक्रीची भाषा आहे. म्हणून शेवटी तो आपल्या मुलापाशी, आयुष्यात मनाजोगते काहीच केले नाही अशी कबुली देतो, तेव्हा ती कबुली अडखळत येते. सबंध पुस्तकात भडभडा बोलणारा माणूस खरे बोलताना अडखळतो. हे व्यंगचित्रकाराचे काम नव्हे. व्यंगचित्राला अंतर्मन नसते. येथे ते आहे, पण मुके आहे.

ह्यावर एक गंभीर आक्षेप संभवतो, आणि तो टाळता येणार नाही. निवेदकाची स्वतःची भाषा ह्या परीक्षेतून सुटलेली आहे. एच. एल. मेंकेन ह्यांच्या ‘द अमेरिकन लँग्वेज’ (१९१९) ह्या ग्रंथाने अमेरिकन बोलीकडे जे लक्ष वेधले, त्यात कुतूहल होते तसाच वरचढपणाही होता. लुइस ह्यांच्या निवेदनात हा दुसरा सूर वारंवार उमटतो. शिवाय बॅबिटचे जग बोलते, पण त्याच्या भोवतालचे जग बोलत नाही. टेलिफोन खात्यातील संपकरी, परदेशांतून आलेले कामगार, निग्रो नोकर हे सर्व पार्श्वभूमीतच राहतात. १९२४ च्या कायद्याने ज्यांच्यासाठी दारे जवळजवळ मिटविली गेली त्या आगंतुकांची बाजू ह्या कृतीत ऐकू येत नाही. पत्नी मायरा मात्र एकदाच, आपल्यालाही ह्या रहाटगाडग्याचा कंटाळा येतो असे सांगते, आणि बॅबिट चकित होतो. पण तिला जो उपाय सापडतो तो म्हणजे ‘नव-विचार’ संप्रदायाचे, अंतरीच्या सूर्यतेजाच्या जोपासनेवरील व्याख्यान. तिच्या दुःखालाही बाजारानेच शब्द पुरविले आहेत. ही जागा कादंबरीतील सर्वोत्कृष्ट जागांपैकी एक आहे. लुइस ह्यांनी तेथे अधिक थांबावयास हवे होते, ही खंत राहते.

ह्या आक्षेपाचे वजन मान्य करूनही कृतीची साक्ष विश्वसनीय ठरते, ह्याला स्वतंत्र पुरावा आहे. रॉबर्ट आणि हेलन लिंड ह्या दांपत्याने १९२४-२५ मध्ये इंडियाना राज्यातील मन्सी ह्या शहराची पाहणी केली आणि ती ‘मिडलटाउन’ ह्या नावाने १९२९ मध्ये प्रसिद्ध केली. कपडेलत्ते किंवा अन्न ह्यांत काटकसर करू, पण मोटार सोडणार नाही, असे सांगणारी कुटुंबे त्यांना भेटली. शहराचा अभिमान, क्लबांतील घोषणा आणि मतभेदाविषयीची असहिष्णुता ह्यांचीही नोंद त्यांनी केली. लुइस ह्यांनी झेनिथचे नकाशे काढून, टिपणवह्या भरून जे रचले, ते समाजशास्त्रज्ञांनी घरोघर जाऊन पडताळले, असे म्हणण्यास हरकत नाही.

शेवटी अर्थव्यवस्थेचा संबंध. ‘बॅबिट’ने १९२९ च्या कोसळण्याचे भाकीत केले, असे म्हणणे अनैतिहासिक होईल. परंतु झेनिथच्या बोलीत शब्दांची एक जोडी आहे: ‘बूस्टर’ म्हणजे शहराची व धंद्याची वाहवा करणारा, आणि ‘नॉकर’ म्हणजे दोष दाखविणारा. पहिला शब्द गौरवाचा, दुसरा शिवीचा. शंका घेणाऱ्यासाठी ह्या भाषेत तिसरा, तटस्थ शब्द नाही. शेतमालाचे भाव १९२०-२१ मध्ये घसरले ते पुढे पुरते सावरले नाहीत. फ्लॉरिडातील जमिनींचा फुगा १९२६ मध्ये फुटला. घरबांधणीही त्याच सुमारास उतरणीला लागली. मार्च १९२९ मध्ये पॉल वॉरबर्ग ह्यांनी आणि सप्टेंबरमध्ये रॉजर बॅब्सन ह्यांनी धोक्याचा इशारा दिला, तेव्हा त्यांची गणना ‘नॉकर’ मंडळींतच झाली. मंदीची कारणे पतपुरवठ्यात, उत्पन्नाच्या विषम वाटणीत आणि आंतरराष्ट्रीय कर्जांत शोधावयास हवीत. ती शब्दांत नाहीत. मात्र इशारे कानांवर येऊनही ते ऐकले का गेले नाहीत, ह्या प्रश्नाच्या उत्तराचा एक भाग भाषेत आहे, आणि तो लुइस ह्यांनी सात वर्षे आधी नोंदवून ठेवला होता.

लुइस ह्यांना १९३० मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. हा मान मिळविणारे ते पहिले अमेरिकन लेखक होत. त्यांच्या नायकाचे आडनाव इंग्रजी शब्दकोशांत सामान्यनाम म्हणून रुजले. स्वतःच्या दुःखाला शब्द न सापडलेल्या माणसाचे नावच एक शब्द होऊन बसावे, ह्यात त्याच्यावर थोडा अन्यायही झाला आहे. कारण कोशातील अर्थ फक्त आत्मसंतुष्ट मनुष्याचा आहे, आणि कादंबरीतील बॅबिट आत्मसंतुष्ट मुळीच नाही. कोशातला बॅबिट बाजूला ठेवून कादंबरीतला बॅबिट वाचणे, हे ह्या कृतीच्या अभ्यासकाचे पहिले कर्तव्य होय.