मराठी पटकथेतील कणखर नायिका : ‘मी सिंधुताई सपकाळ’च्या विशेष संदर्भात

बीजसंज्ञा : पटकथा, चरित्रपट, कणखर नायिका, मातृत्व, निर्णयस्वातंत्र्य

प्रस्तावना

मराठी चित्रपटाला स्त्रीप्रधान कथानकाची परंपरा नवी नाही. व्ही. शांताराम यांच्या ‘कुंकू’ (१९३७) मधील नीरा वृद्ध पतीशी लावून दिलेला विवाह मान्य करण्यास नकार देते. आचार्य अत्रे यांच्या ‘श्यामची आई’ (१९५३) मधील आई दारिद्र्यातही मुलावर संस्कार करते. ‘माहेरची साडी’ (१९९१) या अफाट लोकप्रियता लाभलेल्या चित्रपटाची नायिका सासरचा छळ सोसत राहते. या तीनही चित्रपटांच्या केंद्रस्थानी स्त्री आहे. परंतु केंद्रस्थानी असणे आणि कणखर असणे या दोन भिन्न गोष्टी होत. समीक्षेत हा भेद बहुधा पुसट होतो आणि जी अधिक सोसते तीच अधिक कणखर, असे समीकरण नकळत मांडले जाते.

या समीकरणाची तपासणी करण्यासाठी वर्धा जिल्ह्याशी निगडित असलेली एक व्यक्तिरेखा विशेष उपयुक्त ठरते. सिंधुताई सपकाळ यांचा जन्म १४ नोव्हेंबर १९४८ रोजी वर्ध्यालगतच्या पिंपरी मेघे येथे झाला. त्यांच्या जीवनावर अनंत महादेवन यांनी ‘मी सिंधुताई सपकाळ’ (२०१०) हा चित्रपट दिग्दर्शित केला. ५८ व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत या चित्रपटाला परीक्षकांचा विशेष पुरस्कार मिळाला. रूपांतरित पटकथेसाठी महादेवन व संजय पवार यांना, तर संवादलेखनासाठी संजय पवार यांना गौरविण्यात आले. पटकथालेखनाचीच एवढी दखल घेतली गेल्यामुळे नायिकेच्या घडणीचा विचार या चित्रपटाच्या आधारे करणे उचित ठरते.

अभ्यासाची उद्दिष्टे

१) सोशिकता व कणखरपणा यांतील भेद पटकथेच्या अंगाने स्पष्ट करणे.
२) ‘उंबरठा’ (१९८२) मधील सुलभा व ‘मी सिंधुताई सपकाळ’ मधील सिंधू या व्यक्तिरेखांची तुलना करणे.
३) मातृत्वाच्या प्रतिमेचा नायिकेच्या चित्रणावर होणारा परिणाम तपासणे.

नायिका आणि निर्णय

पटकथेत पात्राचे सामर्थ्य त्याच्यावर कोसळलेल्या आपत्तीने सिद्ध होत नाही. आपत्तीनंतर समोर असलेल्या पर्यायांतून ते काय निवडते व त्या निवडीची कोणती किंमत मोजते, यावरून सिद्ध होते. या निकषावर ‘कुंकू’तील नीरा काळाच्या कितीतरी पुढे आहे, कारण नकार हा तिचा स्वतःचा निर्णय आहे. तथापि कथानकाची सोडवणूक तिच्या हातून होत नाही. पश्चात्तापदग्ध पती स्वतःचे जीवन संपवून तिला मोकळे करतो. प्रश्न नायिकेने विचारायचा आणि उत्तर पुरुषाने द्यायचे, अशी ही रचना आहे.

सिंधुताईंच्या जीवनकथेत लेखकासमोर अडचण वेगळी आहे. शिक्षण चौथीपर्यंत, बालवयात वयाने पुष्कळ मोठ्या पुरुषाशी विवाह, सासर सेलू परिसरातील नवरगाव, गरोदरपणी चारित्र्यावर संशय घेऊन घरातून हकालपट्टी, गोठ्यात प्रसूती, दगडाने ठेचून तोडलेली नाळ, रेल्वे स्थानकांवर गाणी म्हणून मागितलेली भीक, स्मशानातील आश्रय : हे प्रसंग इतके दाहक आहेत की त्यांचे केवळ दर्शन घडविले तरी प्रेक्षक हेलावतो. मात्र यांतील बहुतेक प्रसंगांत ती कर्ती नसून भोक्ती आहे. केवळ यांवर उभी राहिलेली पटकथा सोशिक नायिकाच निर्माण करील.

या हकिकतीतच कर्तेपणाचा एक प्रसंग हकालपट्टीच्याही आधी येतो. गुरांचे शेण गोळा करण्याचे काम गावातील बायांचे. त्या शेणाच्या विक्रीचा पैसा मात्र इतरांच्या पदरी पडे. सिंधुताईंनी सांगितल्याप्रमाणे त्यांनी या कष्टाचा मोबदला मागितला, त्यातून गावातील बलवंतांचा रोष ओढवला आणि चारित्र्यावरील आळ हा त्या रोषाचाच परिणाम होता. हा कार्यकारणभाव महत्त्वाचा आहे. तो जपला तर हकालपट्टी ही संशयी नवऱ्याची कौटुंबिक क्रूरता न राहता श्रमाचा दाम मागणाऱ्या स्त्रीला मिळालेली शिक्षा ठरते. तो सैल झाला तर नायिका केवळ दैवगतीची बळी उरते.

चित्रपटाची निवेदनपद्धतीही येथे विचारात घ्यावी लागते. अमेरिकेच्या प्रवासाला निघालेली प्रौढ सिंधुताई (ज्योती चांदेकर) आणि फ्लॅशबॅकमधून उलगडणारी तरुण सिंधू (तेजस्विनी पंडित) असे दोन स्तर पटकथेत आहेत. या दोन अभिनेत्री प्रत्यक्षातही मायलेकी असल्याने दोन्ही वयांना एक नैसर्गिक सातत्य लाभते. या रचनेमुळे ‘ती वाचेल का?’ हा प्रश्न आरंभीच निकाली निघतो आणि ‘ती कशी घडली?’ हा प्रश्न उरतो. ही जमेची बाजू होय. मात्र शेवट गौरवाचा आहे हे आधीच ठाऊक असल्याने प्रत्येक दुःख त्या गौरवाची पूर्वतयारी भासू लागते आणि अन्यायाची धार बोथट होते, ही मर्यादाही नोंदविणे आवश्यक आहे.

दोन माता, दोन न्याय

जब्बार पटेल दिग्दर्शित ‘उंबरठा’ची पटकथा विजय तेंडुलकर यांनी शांता निसळ यांच्या ‘बेघर’ या कादंबरीवरून लिहिली. सुलभा (स्मिता पाटील) सुस्थित घर सोडून संगमवाडीच्या महिलाश्रमात अधीक्षकपद स्वीकारते. लहान मुलगी जावेपाशी राहते. सिंधुताईंनीही अनाथ मुलांना सांभाळताना आपपरभाव होऊ नये म्हणून पोटची मुलगी ममता पुण्याच्या श्रीमंत दगडूशेठ हलवाई गणपती ट्रस्टच्या स्वाधीन केली. दोघीही लेकीपासून दूर होतात आणि दोघींच्याही मुळाशी निराधारांसाठीचे कार्य आहे.

समाजाचा न्याय मात्र दोघींना सारखा लागत नाही. सुलभा परतते तेव्हा मुलगी दुरावलेली असते, पतीने दुसरीशी संबंध जोडलेला असतो आणि तिला पुन्हा घराबाहेर पडावे लागते. सिंधुताईंचा निर्णय मात्र त्यागाचा परमोच्च बिंदू म्हणून गौरविला जातो. या फरकाचे कारण असे दिसते की, सुलभा मूल सोडते ते कामासाठी, तर सिंधुताई एक मूल सोडतात ते अनेकांची आई होण्यासाठी. मातृत्वाचा विस्तार समाज स्वीकारतो. मातृत्वापलीकडचे स्वत्व स्वीकारताना अडखळतो. ‘उंबरठा’ची पटकथा हा सल प्रेक्षकाच्या मनात ठेवून संपते आणि म्हणून ती अधिक अस्वस्थ करते. ममताच्या प्रसंगातही असाच सल आहे. त्या लेकीला काय वाटले असेल, हा प्रश्न जी पटकथा विचारील तिची नायिका लहान न होता अधिक मानवी होईल.

पतीच्या पुनरागमनाचा प्रसंगही असाच द्व्यर्थी आहे. उतारवयात परतलेल्या पतीला सिंधुताईंनी मूल म्हणून आश्रय दिला. याकडे क्षमा म्हणून पाहता येते. तसेच पतीचे पतीपण काढून घेणारा शांत निवाडा म्हणूनही पाहता येते. दुसरा अर्थ निसटला तर कणखर नायिका पुन्हा आदर्श पत्नीच्या चौकटीत जाऊन बसते.

‘माई’ ही प्रतिमा

सिंधुताईंना २०२१ साली पद्मश्री सन्मान जाहीर झाला व ४ जानेवारी २०२२ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. २०२३ मध्ये दूरचित्रवाणीवर आलेल्या मालिकेचे नाव ‘सिंधुताई माझी माई’ असे होते. चित्रपटाच्या शीर्षकात ‘मी’ आहे, मालिकेच्या शीर्षकात ‘माई’. पहिल्यात ती स्वतःविषयी बोलते. दुसऱ्यात इतर तिच्याविषयी बोलतात. ‘माई’ या संबोधनातील जिव्हाळा खरा असला तरी शेणाचा दाम मागणारी नवरगावची सिंधू त्या संबोधनाआड जाण्याचा धोका आहे. देवत्व बहाल केलेल्या व्यक्तिरेखेला अंतर्द्वंद्व उरत नाही आणि अंतर्द्वंद्वावाचून पटकथेला नायिका मिळत नाही.

निष्कर्ष

१) नायिकेचा कणखरपणा तिने भोगलेल्या दुःखाच्या प्रमाणावर नव्हे, तर तिच्या निर्णयांवर व त्यांच्या मोजलेल्या किमतीवर अवलंबून असतो.
२) ‘मी सिंधुताई सपकाळ’च्या कथावस्तूतील खरी शक्तिस्थळे गोठ्यातील प्रसूतीपेक्षा श्रमाच्या मोबदल्याची मागणी, मुलीला दूर ठेवण्याचा निर्णय व पतीला दिलेला आश्रय या तीन प्रसंगांत आहेत.
३) मराठी पडदा स्त्रीचे कर्तृत्व मातृत्वाच्या तारणावर सहज मान्य करतो. ‘उंबरठा’ने हे तारण नाकारले, म्हणूनच सुलभेला घर मिळाले नाही.
४) वर्धा जिल्ह्याच्या मातीतील या स्त्रीची कथा पुढे कोणी लिहील, तेव्हा ‘माई’ होण्यापूर्वीच्या सिंधूला तिचा आवाज परत देणे हे त्या लेखकाचे पहिले काम राहील.